नमुना तोच, दप्तर नवं

१ एप्रिल १९५७ या दिवशी देशात दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. त्याच दिवशी मुंबई राज्याच्या कूळ कायद्यातला 'कृषक दिन' उजाडला आणि दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ कायद्याच्या लेखी त्या जमिनीचं खरेदीदार ठरलं. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, खरं तर गावोगाव, या एका तारखेनं खिशातलं नाणंही बदललं आणि कित्येक वावरांचा धनीही. तलाठ्याच्या दप्तरातल्या कागदाचे रकाने मात्र होते तसेच राहिले. नव्या मालकाचं नाव जुन्याच रकान्यात चढलं. भावाभावांच्या हिश्श्याचा हिशेब आणे-पैतच चालू राहिला: अख्खी जमीन सोळा आणे, चौघांत वाटली की प्रत्येकी चार. आणा बाजारातून गेला तरी दप्तरात तग धरून राहिला, इतका की पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर संगणकातून छापून निघणाऱ्या सातबाऱ्यावरही 'आणे पै' असा रकाना दिसायचा.

पुण्या-बंगळुरात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. आतलं यंत्र हवं तितकं बदला, पण बाहेरच्यांनी ज्याच्यावर भरवसा ठेवलाय त्या नावांना आणि खाचांना हात लावू नका, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा झगडा. महाराष्ट्राच्या महसूल खात्यानं तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून, शाईच्या दौतीसह केलेला आहे.

मुळात सातबारा हा कागद एक नाही, दोन. गावच्या महसुली हिशेबाचे १ ते २१ असे गाव नमुने आहेत. त्यातला सातवा अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमीन कोणाची, किती, कोणत्या भोगवट्याची, तिच्यावर बोजा कसला ते सांगणारा. बारावा पिकांचा. दोन्ही एकाच पानावर छापले जात, म्हणून सात-बारा. नमुन्यांचे क्रमांक कधीच मागे पडले आणि 'सातबारा' हा मराठीतला स्वतंत्र शब्द झाला. 'सातबारा कोरा करा' ही कर्जमाफीची घोषणा देणाऱ्या कोणालाही आठ ते अकरा नमुने कुठे गेले असा प्रश्न पडत नाही.

या सगळ्या दप्तराचा पाया मोजणीचा आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापुरापासून जी नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली, तिचे नियम १८४७ साली एकत्र बांधले गेले. दुसऱ्याच वर्षी सातारचं राज्य खालसा झालं आणि पुढे ही पद्धत साताऱ्याच्या मुलखात आली. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर आणि प्रत्येक नंबराला आकार. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचेही भाग सोळा आणि प्रत्येक भागाचं नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. नाणं, लांबी आणि भावकीतला वाटा या तिन्हींना एकच शब्द पुरला होता, मग तो सहजासहजी जाणार कसा?

मोजणीनं जमीन ठरली, पण ती कोणाची हे नोंदवण्याचा वेगळा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात विलीन झाला. गाव नमुन्यांची आजची मांडणी एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याच्या पुस्तिकेनं पक्की केली. महसूल खात्यातली जुनी माणसं अजूनही 'अँडरसन मॅन्युअल'चा हवाला देतात.

त्यानंतर दप्तर लिहिणारे हात पार बदलले. वंशपरंपरेनं गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांची वतनं १९५१ साली रद्द झाली आणि पगारी तलाठ्यांनी कारभार हाती घेतला. पाटलांचं वतन १९६०च्या दशकात गेलं. मोडी मागे पडली आणि बाळबोध आली. १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला आणि त्याखालचे अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ साली झाले. हा सगळा आतला बदल. विकास सोसायटीचा सचिव, दुय्यम निबंधकाचा कारकून, कोर्टातला वकील, बँकेचा अधिकारी हे लोक सातबारा लिहीत नव्हते, वाचत होते. त्यांना कुलकर्णी गेला काय नि तलाठी आला काय, डाव्या बाजूला भोगवटादाराचं नाव आणि उजवीकडे 'इतर हक्क' सापडलं की झालं.

'इतर हक्क' हा रकाना तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सगळं तिथे: सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, तुकडेबंदीचा शेरा. नियम करणाऱ्यांनी ठेवली होती एक अडगळीची खोली. लोकांनी तिथेच संसार थाटला. कर्ज देणारा माणूस सगळ्यात आधी नजर टाकतो ती याच रकान्यावर.

हाती लिहिलेला जुना सातबारा जवळून पाहिला तर त्यात आणखी एक लिपी दिसते. वारसाची किंवा खरेदीची वर्दी आली की सहा नंबरच्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाई. संबंधितांना नोटिसा जात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जात. तोवर सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक शिसपेन्सिलीनं. सर्कलनं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यानं, फेरफार मंजूर केला की पेन्सिलीवर शाई चढे. आणि जुन्या मालकाचं नाव? ते खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. कंसातलं नाव वाचता येतं, पण त्याला हक्क उरलेला नसतो. जवळचा फेरफार क्रमांक सांगतो की हक्क कुठे गेला ते इथे पाहा. मयत आजोबा, फिटलेलं कर्ज, सगळे कंसात शांतपणे पडून.

आज्ञावलीत काही जुनं झालं तरी ते एकदम काढून न टाकता 'कालबाह्य' अशी खूण करून, नव्याचा पत्ता देऊन काही वर्षं ठेवायचं, ही कंसासारखीच रीत प्रोग्रामर मंडळींनी आपल्या परीनं शोधली. टेस्टिंग फ्रेमवर्क म्हणजे दुसऱ्यांच्या आज्ञावल्या बरोबर चालतात का हे तपासायची चौकट. ती हलली की तिच्यावर बांधलेल्या हजारो तपासण्या एकदम कोसळतात, म्हणून तिथे ही काळजी सगळ्यात जास्त. केंट बेकनं १९९४च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी अशी चौकट मांडली. १९९७ साली त्यानं एरिक गामाबरोबर झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात 'जेयुनिट' लिहायला घेतलं. तपासणीपूर्वीच्या तयारीला त्यात 'सेटअप' असं नाव होतं, त्यातला 'अप' मोठ्या अक्षरानं सुरू होणारा. तेच पुढे पायथन भाषेत गेलं. पायथनच्या शैलीत असं मधलं मोठं अक्षर बसत नाही, तरी २००१पासून ते तिथे ठाण मांडून आहे. आपल्या आणे-पैसारखंच. 'असर्टइक्वल्स' हे एक पर्यायी नाव मात्र दहा वर्षांहून अधिक काळ 'कालबाह्य'च्या कंसात ठेवून २०२३च्या ३.१२ आवृत्तीत काढून टाकलं.

जेयुनिटची गंमत याहून पुढची. चौथ्या आवृत्तीत आतल्या काही खासगी चलांच्या नावांआधी 'एफ' हे अक्षर होतं. ते बाहेरच्यांनी बघायचंच नव्हतं. साफसफाई करताना जेयुनिटवाले हे अक्षर काढायला गेले, तेव्हा कळलं की साठवलेली जुनी माहिती वाचणाऱ्यांचं त्यावाचून अडतं. शेवटी मूळ आज्ञावलीतच टीप लिहावी लागली की पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत हा 'एफ' राहील. २०१७ साली पाचवी आवृत्ती आली ती नव्यानं बांधलेली, पण जुन्या तपासण्या चालवण्यासाठी 'विंटेज' नावाचं वेगळं इंजिन सोबत घेऊन. शिवाय बाहेरच्यांनी वापरायच्या गोष्टींवर 'स्थिर', 'प्रायोगिक', 'अंतर्गत' अशा पाट्या लागल्या. कशावर विसंबायचं ते आधीच कळावं म्हणून. 'इतर हक्क'च्या रकान्यावर अशी पाटी कोणी लावली नव्हती.

महसूल खात्यानं मात्र एकदा बाहेरच्या खाचेलाच हात घातला, तो एकत्रीकरणाच्या वेळी. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव योजना लागल्या आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. शंभर वर्षं ज्या आकड्यानं वावर ओळखलं जाई तो आकडाच गेला. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, नातवाच्या सातबाऱ्यावर गट नंबर, आणि मधला पूल म्हणजे एकत्रीकरणाचं जुन्या-नव्या नंबरांचं पत्रक. ते हाती असलं तर कोर्टातला दावा उभा राहतो, नसलं तर वकील कपाळाला हात लावतो. घरात मात्र कोणी गट नंबर बोलत नाही. तिथे 'माळाचं', 'मळईचं', 'विहिरीखालचं' हीच वावरांची नावं.

एकर-गुंठ्यांवरून हेक्टर-आरवर जाणं त्यामानानं सुखाचं झालं, आणि त्याला कारण योगायोग. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर साधारण १,०७६चा. फरक इतका थोडा की '०.४०' वाचून शेतकरी मनातल्या मनात 'एकर' म्हणतो आणि व्यवहार अडत नाही. कागदावर आर, जिभेवर गुंठा.

संगणक आला तेव्हा मोठी कसोटी लागली. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे शाखेनं घडवलेल्या ई-फेरफार प्रणालीत हाती लिहिलेले सातबारे उतरवायचे म्हणजे पेन्सिल, शाई, कंस, समासातले शेरे या सगळ्याला ठरावीक चौकटीत बसवायचं. नावं चुकली, क्षेत्रांची बेरीज जुळेना. मग दुरुस्तीसाठी 'री-एडिट'ची सोय निघाली, आणि तपासणीसाठी कोणी नवी युक्ती शोधली नाही; जुनीच काढली. २०१७च्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. गावातल्या लोकांना बोलवायचं, संगणकातला सातबारा मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं वावर त्यानं बोलायचं की बरोबर की चूक. इतकी थेट टेस्टिंगची पद्धत कुठल्या कंपनीत असेल का, शंका आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात ताटकळण्याची गरज बरीच कमी झाली.

नमुन्याचं रूप खऱ्या अर्थानं बदललं ते २०२० साली. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक नि तारीख वेगळी दिसू लागली, जुने फेरफार एका वेगळ्या रकान्यात गेले, खाते क्रमांक 'इतर हक्क'मधून निघून खातेदाराच्या नावासमोर बसला. मयतांच्या नि फिटलेल्या बोजांच्या कंसांऐवजी त्यांच्यावर आडवी रेघ आली. म्हणजे नाव अजूनही वाचता येतं. फक्त खूण बदलली. मथळ्यात गावाच्या नावासोबत गावाचा सांकेतिक क्रमांकही आला. कोरेगावला त्याची गरज इतरांहून जास्त. साताऱ्याचं कोरेगाव, वाळवा तालुक्यातलं कोरेगाव, पुणे जिल्ह्यातलं भीमेकाठचं कोरेगाव, पुण्यातलं कोरेगाव पार्क: नुसत्या नावावर विसंबणाऱ्या यंत्रानं भलत्याचा बोजा भलत्याच्या वावरावर चढवायला वेळ लागणार नाही. माणसं 'सातारचं का?' विचारून मोकळी होतात. यंत्राला आकडा लागतो.

बाराव्या नमुन्याचं नशीब त्याच सुमारास पालटलं. पीकपाहणी ही पूर्वी तलाठ्यानं शिवारात फिरून करायची, आणि फिरला की बसल्या जागी लिहिलं यावर गावागावात वाद. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरीच मोबाइलवर वावराचा फोटो काढून पीक नोंदवतो. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तो आता बांधावरून थेट बाराव्या नमुन्यात जातो. रेंज असेल तर.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असं केलं. आदेश आणि शिक्के नव्या नावाचे झाले. गावातला माणूस मात्र सज्जाच्या दारात उभा राहून 'भाऊसाहेब, सातबारा पाहिजे होता' एवढंच म्हणतो, आणि आतल्यालाही ते लगेच समजतं.