एकपक्षीय राज्य आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक

ज्या राज्यात एकाच पक्षाचे किंवा आघाडीचे वर्चस्व पक्के असते, तेथील मते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कोठे जाणार हे मतदानाआधीच उघड असते. निकालात पाहण्यासारखे उरते ते एवढेच, की किती मते फुटली. अमेरिकेत मेन व नेब्रास्का वगळता राज्यात पुढे असलेल्या उमेदवाराला तेथील सर्व निर्वाचक मिळतात, म्हणून बालेकिल्ल्यातल्या विरोधकांचे मत हिशेबात येत नाही. भारतात प्रत्येक आमदाराचे मत स्वतंत्र मोजले जाते.

महाराष्ट्रात या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील राज्याची लोकसंख्या, ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५, हिला विधानसभेच्या २८८ जागांनी आणि मग १००० ने भागून ते काढतात. उत्तर प्रदेशात ते २०८, तर सिक्कीममध्ये अवघे ७. विधान परिषदेच्या सदस्यांना मत नाही. मतदान गुप्त असते आणि पक्षाला पक्षादेश काढता येत नाही, त्यामुळे वर्चस्व कितीही पक्के असले तरी फुटीला वाव राहतो.

पक्क्या वर्चस्वाचे उदाहरण म्हणजे १९६२. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली त्या साली स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता आणि तेथून काँग्रेसचे मारोतराव कन्नमवार निवडून आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुख्यमंत्री झाले. राज्यात काँग्रेसचे निर्विवाद बहुमत होते, देशातही जवळपास तेच. त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सर्वपल्ली राधाकृष्णन यांना ५,५३,०६७ मतमूल्य मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ६,३४१. अशा निवडणुकीत उत्कंठा ती कसली!

सात वर्षांनी हेच वर्चस्व आतून फुटले. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, तरी इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत देण्याचे आवाहन केले. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्याने चिंतामणराव देशमुख तिसरे उमेदवार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच. पहिल्या पसंतीत त्यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. कोणालाच निम्म्याहून अधिक न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, आणि अपक्ष उमेदवार व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ वर निवडून आले. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपची साथ सोडून प्रतिभा पाटील यांना मराठी म्हणून पाठिंबा दिला; ती मते मात्र फुटली नव्हती, जाहीरपणे वळली होती.

२०२२ च्या निवडणुकीत आंध्र प्रदेशात सत्ताधारी व विरोधक दोघेही द्रौपदी मुर्मू यांच्या बाजूने होते. त्यांचे प्रतिस्पर्धी उमेदवार यशवंत सिन्हा यांना तेथे एकही मत पडले नाही. केरळमध्ये उलट स्थिती. १४० पैकी १४० मते सिन्हांची धरली होती, तरी पेटीतून एक मत मुर्मूंचे निघाले. त्या निकालातली खरी बातमी ती एका मताची.

आमदार राज्याच्या विधान भवनात गुलाबी मतपत्रिकेवर पसंतिक्रम लिहितात आणि पेट्या विमानाने दिल्लीला जातात. २०२२ मध्ये पेटीसाठी स्वतंत्र आसन काढून तिकिटावर ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ असे नाव घातले होते.

२००८ च्या पुनर्रचनेत सावली मतदारसंघ राहिला नाही; तालुका आता ब्रह्मपुरी विधानसभा मतदारसंघात येतो. मतमूल्य मात्र १९७१ च्या लोकसंख्येवरचेच. ती जनगणना इतकी जुनी, की तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी १९७१ चीच लोकसंख्या धरली जाईल.