वडीलधारी मंडळी आणि गावाचा इतिहास

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव आपणांस ठाऊक आहेच. सन १७२४ च्या ऑक्टोबरात तेथे निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान रणात पडला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ असे ठेवले गेले. दप्तरांतून ते पुढे बराच काळ चालले. आज मात्र एस.टी.च्या पाटीवर साखरखेर्डा हेच नाव आहे! विजेत्याने दिलेले नाव दप्तरात राहिले, गावाने आपले जुने नाव सोडले नाही.

म्हणून इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घरच्या वृद्धांकडे पाठवतो. परंतु एक कबुली द्यावयास हवी. पुष्कळ दिवस मी या मंडळींना विहीर समजत होतो. बादली सोडली, पाणी काढले, काम झाले. सन १९७२ च्या दुष्काळासंबंधी मी स्वतः प्रश्नावली करून दिली होती. मजुरी किती? खाण्यास काय? मिलो आणि सुकडीची उत्तरे सर्व वह्यांत जवळपास सारखीच आली.

एका विद्यार्थ्याच्या दादींनी मात्र मला घरी बोलावून घेतले. म्हणाल्या, “मास्तर, हे तर सगळ्यायले माहीत आहे. आम्ही खडी फोडायले गेलो तवा लेकरं कोनाजवळ ठेवली, थे विचारा.”

हा प्रश्न बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकाने मला सुचवला नव्हता. आम्ही तो प्रश्नावलीत घातला, दादींनाच सोबत घेऊन मोहल्ल्यात आणि शेजारच्या वाड्यात हिंडलो. माझ्यासमोर गप्प बसणाऱ्या बाया त्यांच्यासमोर तासन्‌तास बोलल्या. कोणाच्या लेकराला कोणी सांभाळले हे विचारता विचारता कोणत्या घराचा कोणत्या घराशी घरोबा होता, हे उलगडत गेले. त्यात जातधर्माची कुंपणे फारशी आढळली नाहीत.

ही रीत आपल्या महाराष्ट्राला अगदीच नवी नव्हे. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशीच्या डोंगराळ भागातून जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला, तेव्हा खेड्यांतील स्त्रियाच संग्राहक झाल्या आणि ओव्यांच्या अर्थाची चर्चाही त्यांनीच केली. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा साठा पुढे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने सन २०१७ पासून प्रसिद्ध करण्यास घेतला. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीही ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले. त्या बोलल्या नसत्या तर चळवळीचे ते पान कोरेच राहिले असते.

आता वहीत ‘माहिती देणार’ असे न लिहिता आम्ही दादींचे नाव विद्यार्थ्याच्या नावाशेजारी लिहितो. त्यांना वाचता येत नाही. तेव्हा लेख पूर्ण होताच त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. एक वाक्य त्यांनी खोडावयास लावले. ज्या बाईची हकीकत होती तिची सून अजून त्याच गल्लीत नांदते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ते खोडले. मग त्यांनी विचारले, “आनि मास्तर, त्या साली विहिरी कोनी खोदल्या, थे कवा विचारायचं?”