नाशाची सौम्य नावे

साताऱ्याच्या ज्या छत्रपतींच्या गादीला इंग्रजांनी 1819 च्या तहाने स्वहस्ते आधार दिला, त्याच गादीचा 1848 साली, अप्पासाहेब महाराजांनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक नामंजूर करून, लॉर्ड डलहौसीच्या सरकारने अंत केला. परंतु दप्तरात 'नाश' हा शब्द उमटला नाही, उमटला तो 'लॅप्स'. मूळ लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ घसरणे किंवा निसटणे असा असल्यामुळे, राज्य कोणी हिरावून घेतले नसून ते जणू आपोआप गळून पडले, असा भास त्यातून निर्माण होई. रयतेने मात्र त्यास 'खालसा' म्हटले. हा शब्दही मूळचा अरबी, शुद्धतेचा वाचक, आणि मुलूख थेट सरकारजमा झाल्याची वर्दी देणारा.

पुढे शतकाच्या आत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील तरुणांनी तारा तोडल्या व शेणोलीजवळ 1943 साली सरकारी पगाराची गाडी लुटली, तेव्हा त्याच दप्तरी भाषेला 'सॅबोटाज' हा कठोर शब्द तत्काळ सापडला. पटवर्धनांचे सांगली संस्थान 8 मार्च 1948 रोजी संपले, त्या वेळी इंग्रजीत 'मर्जर' व मराठीत 'विलीनीकरण' हे शब्द योजले गेले; परंतु तेथे प्रजेची संमती होती.

तात्पर्य, सत्ता स्वतः मोडते तेव्हा तिचा शब्द मृदू असतो, आणि तिला कोणी मोडू लागले की तोच कठोर होतो.