मेरुखंडाची वही

इंदूरच्या आमच्या घरात, देव्हाऱ्याखालच्या फडताळात, वडिलांची एक वही आहे. मथळे मराठीत, टिपणे हिंदीत. होळकरांच्या या शहरात वाढलेल्या माणसाची ती सहज रीत. वहीत बंदिश एकही नाही. नुसत्या स्वरांच्या मांडण्या: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. तीन स्वरांच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सातांच्या ५०४०.

हा हिशेब वडिलांचा नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या संस्कृत ग्रंथात तो मांडला. त्याच्या खंडमेरूच्या कोष्टकावरून कितवी मांडणी कोणती, हे सगळी यादी न लिहिता काढता येते. पुढे मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने या मेरुखंडाला आपल्या तालमीत मानाचे स्थान दिले. होळकर दरबारचे सारंगिये शहामीर खाँ यांनी मुलाकडूनही हेच पलटे घोटून घेतले. तो मुलगा म्हणजे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४).

वडिलांनी खाँसाहेबांच्या ओढीनेच वही भरली. ती त्यांना मुखोद्गत होती. पण ते गायला बसले की ऐकू येई ती वहीच, राग नव्हे. स्वतःलाही ते कळत असावे. पन्नाशीनंतर त्यांनी तानपुरा उतरवला नाही. त्यामुळे मला त्या वहीचा रागच होता. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मी ती रद्दीत काढली.

वाचकहो, त्याच दिवशी खाँसाहेबांचा मारवा ऐकत होतो. मारव्यात पंचम वर्ज्य. म्हणजे सात स्वरांच्या ५०४० मांडण्यांतली एकही चालत नाही. उरतात सहा स्वरांच्या ७२०. त्यातही षड्जावर फार रेंगाळायचे नाही, रिषभ-धैवत सांभाळायचे. खाँसाहेब संथ चालीत एकेक स्वर पुढे सरकवत होते आणि मला प्रथमच उमगले, की त्यांनी त्या हजारोंपैकी किती बाजूला ठेवल्या ते! वही वाटा मोजते. कुठली सोडायची ते रागच सांगतो. वडिलांची मेहनत चुकली नव्हती, अर्ध्यावर थांबली होती.

वही परत आणली. नात गाणे शिकते. तिचे मराठी अडखळते, स्वर नाही. तिने विचारले, ‘‘आजोबा, यातले मारव्यात न चालणारे खोडू का?’’

म्हटले, ‘‘खोड, पण पेन्सिलीने. दुसऱ्या रागात लागतील.’’