बूट उलटा करून पाहावा

सप्टेंबर २०२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, सेंट्रल रोंगबुक हिमनदीवर वितळत्या बर्फातून एक बूट वर आला. बुटात पाऊल होतं, पावलात मोजा, आणि मोज्याला शिवलेल्या लाल पट्टीवर नाव : ए. सी. अर्व्हिन. १९२४ साली जॉर्ज मॅलरीबरोबर शिखराकडे निघालेला आणि परत न आलेला अँड्र्यू अर्व्हिन तो हाच. माणूस मोज्यावरून कळला. काळ मात्र बुटाचा तळ पाहूनही कळला असता. शंभर वर्षं बर्फात काढलेल्या त्या चामड्यात पोलादी खिळे अजून रुतून बसलेले होते.

त्या काळी डोंगरावरचा बूट म्हणजे खिळ्यांचा बूट. चामड्याचा नुसता सोल ओल्या दगडावर आणि बर्फावर सरकायचा, म्हणून त्यावर खिळे ठोकत. त्यातही प्रकार होते. कडेनं लावायचे ते मऊ लोखंडाचे. दगडाचे कंगोरे त्यांत रुतायचे आणि पकड मिळायची. जिनिव्हाच्या फेलिक्स जनकाँ या जवाहिऱ्यानं उलटा विचार केला. त्यानं कडक पोलादाचा दातेरी खिळा बनवला. हा खिळाच दगडाला चावायचा. गिर्यारोहक जनकाँला ‘ट्रिकूनी’ म्हणत आणि खिळ्यालाही तेच नाव चिकटलं. थोडक्यात, बूट निवडायचा म्हणजे आधी खिळे निवडायचे.

पण खिळा जड, चालून चालून तो पडतोही, आणि धातू असल्यामुळे बाहेरची थंडी थेट तळपायापर्यंत पोचवतो. उभ्या कातळावर तर त्याचा उपयोग कमीच. त्यामुळे आल्प्समध्ये एक रीत पडली होती : कड्याच्या पायथ्याशी खिळ्यांचे बूट काढून ठेवायचे, फेल्टच्या सोलचे हलके जोडे घालून वर जायचं आणि उतरताना पुन्हा बूट चढवायचे. हवा चांगली असेल तोवर हे ठीक.

१९३५ च्या सप्टेंबरात इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पुंता रासिका या शिखरावर हवा फिरली. वर गेलेली मंडळी हिमवादळात सापडली. पायांत पातळ जोडे, दणकट बूट खाली. सहा जण गारठून गेले. वाचलेल्यांत मिलानचा विताले ब्रामानी होता. तो स्वतः गिर्यारोहक, आणि डोंगरसामानाचं दुकान चालवणाराही. कड्यावर आणि बर्फावर एकच बूट का चालू नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. पिरेल्ली या टायर कंपनीच्या मदतीनं त्यानं खोल खाचांचा व्हल्कनाइज्ड रबरी सोल तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सोलची नक्षी रणगाड्याच्या पट्ट्यासारखी दिसायची, म्हणून नाव पडलं ‘कारार्मातो’, म्हणजे रणगाडाच. विताले आणि ब्रामानी यांची आद्याक्षरं जोडून ‘व्हिब्रम’ झालं. त्याच वर्षी एत्तोरे कास्तिल्योनीबरोबर पित्स बादिलेची वायव्य भिंत चढून ब्रामानीनं आपला माल स्वतःच्या पायांवर तपासला. १९५४ मध्ये केटू सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हाच सोल होता.

तरी रबरानं एका फटक्यात मैदान मारलं असं नाही. ब्रिटनमधले गिर्यारोहक १९५० च्या दशकापर्यंत खिळ्यांना धरून राहिले. हा नुसता हट्ट नव्हता. शेवाळलेल्या ओल्या खडकावर खिळा शेवाळ भेदून दगड गाठतो. रबर शेवाळावरच राहतं आणि घसरतं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या गडाच्या पायऱ्यांवर महागडा परदेशी बूट घालून आपटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल्या बेसाल्टवर दगा देतं. मऊ रबर पकडतं, पण लवकर झिजतं. इथले जुने भटके वर्षानुवर्षं स्वस्तातल्या कॅनव्हासच्या हंटर शूजवर गड पालथे घालत आले, यामागे खिसा होता तसा अनुभवही होता.

बुटाचा पुढचा धडा एव्हरेस्टवरचाच. १९५३ च्या मोहिमेसाठी इंग्लंडच्या केटरिंगमध्ये पादत्राणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं खास बूट बनवले. थंडी अडवायला आत कापोक होता, म्हणजे सावरीच्या जातीचा कापूस. शेवटच्या छावणीत रात्री हिलरीनं ते काढून ठेवले. सकाळी पाहतो तर बूट दगडासारखे गोठलेले. तेनसिंगनं आपले बूट पायांतच ठेवले होते. २९ मेची ती सकाळ. स्टोव्हवर बूट शेकण्यात हिलरीचे जवळपास दोन तास गेले.

सोल कसला हे पाहिलं, की तो वरच्या भागाला जोडलाय कसा हेही पाहावं. जुन्या डोंगरी बुटात चामड्याच्या कडेनं जाड दोऱ्याचे टाके उघडे दिसत. सोल झिजला की टाके उसवून नवा घालता येई, म्हणून एक जोड दहा-पंधरा वर्षं जायचा. पुढे बूट हलके झाले आणि टाक्यांच्या जागी चिकटवण आली. वरचा भाग आणि सोल यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर आला. चालायला तो सुखाचा, पण हवेतला ओलावा त्याला हळूहळू आतून कुजवतो, बूट वापरला नाही तरी. वरचं चामडं नव्यासारखं, नाड्या कोऱ्या, आणि आतला थर भुसभुशीत. असा जोड घेताना किंवा माळ्यावरून काढताना अंगठ्यानं तो थर दाबून पाहावा. भेगा पडल्या किंवा चुरा हाताला लागला तर घरीच ठेवावा. कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या दमट हवेत चार पावसाळे कपाटात काढलेले बूट अर्ध्या चढावर ‘आ’ वासतात, आणि मग कुणाच्या तरी सॅकमधून सुतळी निघते. सोल बुटाला गुंडाळून बांधलेला, गाठ पायाच्या घोट्यावर, आणि गड उतरायला अजून दोन तास.