पाचशेचे हजार कसे झाले? : प्राप्तिकराच्या माफीची गोष्ट

मार्च महिना जवळ आला की शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत आणि बाजार समितीच्या आवारात तेच ते प्रश्न निघतात. "गुरुजी, औंदा तुमचा किती कापला?" "कांद्याच्या पैशावर कर बसतो का हो?" "आम्ही भाऊ-भाऊ एकत्र राहतो, मग हिशेब एक की निरनिराळे?" हे प्रश्न आजचे वाटतात, पण त्यांची मुळे फार मागे गेलेली आहेत. आज त्या मुळांकडे थोडे पाहू.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. तो उतरविण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री आले, आणि १८६० साली त्यांनी या देशात पहिला प्राप्तिकर बसविला. वर्षाला २०० रुपयांच्या आत मिळकत असेल तर माफी. २०० ते ५०० पर्यंत शेकडा २, आणि त्यावर शेकडा ४. त्यात शेतीचे उत्पन्नही धरले होते. विल्सनसाहेब त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यास वारले. कर १८६५ पर्यंत चालला आणि बंद पडला. पुढची वीस वर्षे तो कधी आला, कधी गेला. मध्ये धंद्यावरचा लायसन्स कर आला. त्या करावरून १८७८ साली सुरतेस दंगा झाला.

अखेर १८८६ साली कायम टिकणारा कायदा झाला. आपल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे त्या कायद्यातच सापडतात.

पहिली गोष्ट शेतीची. जमीन शेतसारा देतेच, मग तिच्यावर दुसरे ओझे नको, म्हणून शेतीचे उत्पन्न या करातून वगळले. पुढे राज्यघटनेनेही शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राला न देता राज्यांकडे ठेवला. म्हणून निफाडच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतली द्राक्षे विकली, तर त्या पैशावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. मात्र त्यानेच शेजाऱ्यांची द्राक्षे विकत घेऊन पुढे विकली, तर तो व्यापार झाला आणि त्या नफ्याला कर लागू झाला. आणखी एक गोष्ट नोकरी करून शेती सांभाळणाऱ्या गुरुजींनी ध्यानात ठेवावी. १९७३ पासून, शेतीवर कर नसला तरी बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरविताना शेतीचे उत्पन्न हिशेबात घेतात. म्हणून ते लपवू नये, नीट दाखवावे.

दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा करदाता मानला. वडिलोपार्जित दुकानाचे उत्पन्न कुटुंबाच्या नावे धरायचे आणि त्यातला वाटा एखाद्या भावाच्या हाती आला तर त्यावर पुन्हा कर घ्यायचा नाही. पण त्याच घरातला मुलगा शाळेत नोकरीला असेल, तर पगार त्याचा एकट्याचा. तेव्हा चूल एक असली तरी हिशेब दोन असू शकतात.

तिसरी गोष्ट विम्याची. आयुष्याच्या विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शापर्यंत वजा करण्याची सोय त्या कायद्यात होती. घरचा कर्ता गेला तर मागच्यांचे काय, हा विचार कायद्याने त्या काळीही केला होता.

आता मुख्य गोष्ट : माफीची मर्यादा. १८८६ च्या कायद्याने ती वर्षाला ५०० रुपये ठेवली. पुढे १८९६–९७ चा दुष्काळ आला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९–१९०० चा त्याहून कडक दुष्काळ आला. पण पाचशेचा आकडा जागचा हलला नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासद प्राध्यापकास महिना ७५ रुपये, म्हणजे वर्षाचे ९०० रुपये मिळत. दोन हजारांच्या आतल्या पगारावर रुपयास ४ पै हा दर होता. म्हणजे महिन्याला ३०० पै. आणे-रुपयांत सांगायचे तर एक रुपया नऊ आणे. मुलाबाळांच्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

अशा प्राध्यापकांपैकीच एक होते गोपाळ कृष्ण गोखले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात, लॉर्ड कर्झनसमोर, त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडली होती आणि सरकार त्यावर खूश होते. गोखल्यांचा मुद्दा सरळ होता. दुष्काळाने लोक खंगले असताना तिजोरी भरते, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नव्हे. गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, असा आहे. म्हणून मिठावरचा कर उतरवा आणि प्राप्तिकराची माफी हजारावर न्या. काँग्रेसही ही मागणी अनेक वर्षे करीत होती. गोखल्यांनी ती सरकारच्याच आकड्यांनी मांडली.

हे आकडे जमविण्याची शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लावली होती. हेच रानडे १८७८ च्या सुमारास आपल्या नाशिकला न्यायखात्यात होते. रानड्यांच्या मागे या कामात गोखल्यांना मदत केली ती गणेश व्यंकटेश जोशी यांनी. जोशी कोण? सरकारी हायस्कुलातले एक मुख्याध्यापक! शाळेचे काम सांभाळून सरकारी अहवाल वाचणारे आणि त्यांतले आकडे ताडून पाहणारे.

एका वर्षात फळ आले. १९०३ च्या अंदाजपत्रकात माफीची मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली आणि मिठाचा कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. पुढे तोही १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. महिना ७५ रुपये मिळविणाऱ्या माणसाचा प्राप्तिकर सुटला.

पण गोखल्यांनी या दोन मागण्या एकत्र का केल्या? त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना महिना १५ रुपये पगार होता, आणि त्यातले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी धाडीत. अशा घराला प्राप्तिकर कधीच नव्हता; पण मीठ विकत घेताना कर द्यावाच लागे. तेव्हा प्राप्तिकर माफ म्हणजे कर माफ, असे नव्हे. आजही साबण, चपला, छत्री घेताना आपण सगळेच कर भरतो. म्हणून ज्याला प्राप्तिकर नाही, त्यालाही सरकारच्या जमाखर्चाविषयी विचारण्याचा हक्क आहे.

स्वराज्यात या मर्यादेकडे आणखी एका दृष्टीने पाहिले गेले. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहिताला पहिल्या २,००० रुपयांवर आणि अविवाहिताला १,००० रुपयांवर कर नाही, असा भेद केला. पुढे मुलांसाठीही थोडी सवलत आली. पगार सारखा असला तरी खाणारी तोंडे सारखी नसतात, हे त्यात मान्य केले होते. तो भेद आता राहिलेला नाही. २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर ठेवला नाही आणि करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास सवलतीने कर शून्यावर आणला. पगारदारास त्याआधी ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. लॉटरी किंवा शेअर-विक्रीचा नफा यांचे नियम मात्र वेगळे. विम्याचे हप्ते आणि भविष्यनिर्वाह निधी यांची जुनी वजावट हवी असेल, तर जुनी पद्धत निवडावी लागते. दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत आणि मगच निवड करावी.

माफीचा आकडा आपोआप हलत नाही. बाजारात भाव चढतात, घरात खर्च वाढतो आणि कायद्यातला आकडा तिथेच राहतो. १९०३ पर्यंत तसेच झाले होते. तो हलला, कारण कोणीतरी सरकारचा हिशेब वाचून घरच्या हिशेबाशेजारी मांडला. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांकडून घरचा वर्षाचा जमाखर्च एकदा लिहून घ्यावा. गणिताचा तास होईल, आणि आपले घर कोणता कर कोठे भरते, हे मुलांना कळेल.