शुद्ध कापसाची किंमत

कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी वऱ्हाडात सीतादही करतात. शेतात पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मगच बोंडाला हात लावायचा. वलगावच्या शिवारातला, पेढीकाठचा कापूस इथवर निर्मळ असतो. पुढे तो गाडीत, बाजारात आणि जिनात जातो, इतर कापसात मिसळतो. हा कापूस कोणाच्या शेतातला, हे त्यानंतर कोणी सांगू शकत नाही. पर्यावरणस्नेही व्हायला निघालेल्या आजच्या वस्त्रकंपन्या याच ठिकाणी अडतात. हा अडथळा मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरचे डोळे इकडे लागले. उमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणू लागले. भाव चढले तशी भेसळही वाढली. वजनासाठी पाणी मारणे, सरकी आणि माती राहू देणे, लांब धाग्यात आखूड धागा मिसळणे असे प्रकार होऊ लागले. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापूस भेसळविरोधी कायदा केला, तपासनीस नेमले. व्यापाऱ्यांना तो जाच वाटला आणि पुढे तो रद्द झाला.

वऱ्हाडात तेव्हा ‘बनी’ हा मऊ, लांब धाग्याचा देशी वाण होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी तो टिकवण्याची धडपड केली. पण शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. भरड ‘जरी’ कापूस लवकर हाती येई, रुईही जास्त देई. बनी वेगळा वेचून, वेगळा ठेवून आणला तरी बाजारात त्याला त्या कष्टांइतका जादा भाव मिळेलच याची खात्री नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘रोझिअम’ हा पांढऱ्या फुलाचा भरड वाण पसरला. त्याच्या शंभर शेर कपाशीतून चाळीस शेरांच्या आसपास रुई निघे, बनीतून बरीच कमी. गिरणीला लांब धागा हवा होता, बाजार मात्र वजनाला पैसे मोजत होता. वजन जिंकले.

खामगावात व्होलकार्ट बंधूंसारख्या परदेशी पेढ्यांनी ठाण मांडले. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तिथला लोहमार्ग खुला झाला. कापूस झपाट्याने हलू लागला आणि तितक्याच झपाट्याने मिसळू लागला. 1923 मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा झाला, 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंगचा. दुसऱ्या कायद्याने जिनवाल्याला नोंदवही ठेवणे आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे भाग पाडले. माल कुठून आला याचा माग ठेवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न. पण नोंदवहीत नाव येई ते जिनात माल आणणाऱ्याचे, आणि तो बहुधा व्यापारी असे. माग प्रेसपर्यंत जाई, शेतापर्यंत पोहोचत नसे.

आजही गाठ तिथेच आहे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र तिने व्यापले. सेंद्रिय कापूस पिकवायचा तर बिनबीटी बियाणे शोधावे लागते. शेजारच्या शेतातून परागकण येतात. प्रमाणपत्र मिळण्याआधी रूपांतराची वर्षे काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटण्याची भीती असते आणि जादा भाव मिळत नाही. ती झळ शेतकरी सोसतो. कंपनी फक्त गाठ विकत घेते. जिनात सेंद्रिय कापसासाठी यंत्र साफ करून वेगळी पाळी लावायची तर त्याचाही खर्च कोणाच्या तरी माथी येतो.

मागणी वाढली आणि तिला पुरेसा खरा माल नसला की कागद मालाची जागा घेतो. 2020 मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानक संस्थेनेच भारतातला वीस हजार टन कापसाच्या खोट्या प्रमाणपत्रांचा घोटाळा उघड केला आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. 1863 च्या तपासनिसाला पाणी मारलेली रुई बोटांना तरी कळत असे. खोटे प्रमाणपत्र बोटांना कळत नाही.

दोन्ही काळांत शुद्धतेची मागणी वरून आली आणि तिचा खर्च खाली ढकलला गेला. कायदा आला, शिक्का आला, प्रमाणपत्र आले. बांधावरच्या माणसाला त्या शुद्धतेचा आगाऊ आणि खात्रीचा मोबदला क्वचितच आला. अडथळा तंत्राचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे.

याच वलगावजवळ, पेढीच्या परिसरात, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. गावात शिरले की बाबा आधी स्वतः खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनात लोकांना स्वच्छता सांगत. कंपन्यांचा क्रम उलटा आहे. त्यांचे कीर्तन आधी सुरू होते आणि खराटा मात्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हाती दिलेला असतो.